बारा व्होल्ट

पिवळा पट्टा खरवडून काढला, तरी उन्हात
त्याची सावली दिसते ओम्नीच्या पत्र्यावर.
एकोणीस वर्षं पोरं वाहिली हिनं,
कसबा बावड्यातनं राजारामपुरी, परत कसबा बावडा.
आता मागच्या सीटा काढून फळी टाकलीय,
फळीवर राजाक्कानं शिवलेली गादी,
आणि गादीवर मी उताणा,
ओठांत दोन स्क्रू, हातात दिव्यांची पट्टी.

उद्यमनगरातला नजीर मिस्त्री म्हणाला होता,
"आधी फ्यूज, हिंदुराव. दिवा मागनं.
बॅटरीच्या लाल टोकापासनं वीतभर अंतरात.
बारा व्होल्ट माणसाला काय करत न्हाईत,
पर वायर पेटवत्यात."

मी ऐकलं नाही.
वायर मऊ झाली, वास सुटला,
राजाक्का भाकरी टाकून धावत आली.
सकाळी नजीरनं काही न बोलता
दोन अँपिअरची काचेची नळी हातावर ठेवली
आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

पट्टी कुठंही कापायची नसते.
तीन दिव्यांमागे कात्रीची खूण असते,
तांब्याच्या ठिपक्यांच्या बरोबर मधनं.
मी चष्म्याविना कापली.
ते तीन आंधळे दिवे अजून खिशात आहेत,
सुट्या पैशांत खुळखुळत.

पत्र्याला भोक पाडलं, त्यात रबरी वळं बसवलं.
गाडी हलती, पत्रा वायरीला रोज थोडा थोडा खातो.
जोडावर काळी नळी सरकवून काडी ओढली,
नळी आखडून बसली.
चिकटवायच्या आधी छताचं रेक्झिन
स्पिरिटनं पुसून घेतलं, कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत.
बोळा निळा झाला.
म्हटलं, एवढ्या वर्षांचा मळ.

बटण दाबलं.
"ह्यो काय उजेड? सीपीआरच्या वॉर्डात आल्यागत वाटतंय," राजाक्का.
मग तिनंच गोकुळची पिशवी धुऊन, उभी फाडून,
आतली पांढरी बाजू दिव्यांवर ताणली.
उजेडाला साय धरली.

मसाई पठारावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
वारा असा की दार उघडायला खांदा लावावा लागला.
भाकरी, खर्डा, वर कच्चा कांदा.
भांडी पुसून ठेवली, दार ओढलं, दिवा लावला,
आणि आडवं झाल्यावर
पहिल्यांदा वर बघितलं.

एकोणीस वर्षं मी पुढं बघत होतो.
आरशात फक्त डोकी मोजायची.
बारा भरली की गिअर.

पट्टीच्या कडेला, जिथं बोळा पोचला नव्हता,
बॉलपेननं, कर्कटकाच्या टोकानं:
*सईचा बर्थडे ४ जुलै कोणी विसरू नका.*
*मामा चढाला शिव्या देतात.*
राजाक्का हसली. "खरंच की!"
सात उभ्या रेघा, आडवी एक, काय मोजलं कोण जाणे.
आणि मागच्या काचेजवळ, बारक्या अक्षरात:
*मामा उद्यापासून मी*

पुढं स्वच्छ रेक्झिन.
त्यावर माझी पट्टी, सरळ, एकही फुगा नाही.

"कोण ओ हे?"
मला अक्षर ओळखू येईना.
मला दप्तरं ठाऊक होती:
निळं, चेन तुटलेलं, घुंगरू बांधलेलं.
जागा रिकामी व्हायची, आठवड्यात भरायची,
महिन्याचा हिशोब जुळायचा.

मीटरवर अकरा पूर्णांक नऊ.
ह्याच्या खाली उतरू द्यायचं नाही,
नजीरनं बजावलं होतं.
मी बटणाकडे हात नेला.
राजाक्कानं तो धरला, खाली ठेवला,
वरच बघत राहिली.

मग म्हणाली,
"तो बोळा कुठं टाकलासा?"